व्हीपीएन, टॉर, टेल्स की सिग्नल? सरकारी पाळतीपुढे कोणतं साधन किती टिकतं

२०१६ च्या पहिल्या सहामाहीत अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातून सिग्नल हे संदेशांचं अ‍ॅप बनवणाऱ्या संस्थेला एक हुकूम गेला. दोन फोन नंबर दिले होते आणि त्यांच्याबद्दल असेल नसेल ती सगळी माहिती मागितली होती: नाव, पत्ता, आयपी (इंटरनेट जोडणीचा पत्ता), कुणाकुणाशी संपर्क. शिवाय या हुकुमाची कुठे वाच्यता करायची नाही अशी तंबी. त्या दोनपैकी एकाच नंबरावर सिग्नलचं खातं होतं. संस्थेने हाताशी होतं ते देऊन टाकलं: खातं कधी उघडलं ती वेळ आणि शेवटचं कधी जोडलं गेलं ती वेळ. यापलीकडे त्यांच्याकडे काही साठवलेलंच नव्हतं.

त्याच्या पाच वर्षं आधी, २०११ मध्ये, सोनी पिक्चर्सवरच्या हॅकिंगच्या प्रकरणात अमेरिकेत एका तरुणाला अटक झाली. त्याने हाईडमायअ‍ॅस नावाची ब्रिटिश व्हीपीएन सेवा, म्हणजे आपली इंटरनेट वाहतूक स्वतःच्या सर्व्हरमधून वळवणारी सेवा, वापरली होती. आपण कंपनीच्या पडद्याआड आहोत असं त्याला वाटत होतं. कंपनीला ब्रिटिश न्यायालयाचा हुकूम आला, कंपनीने जोडणीच्या नोंदी काढून दिल्या आणि तो सापडला. त्याने केलेलं कृत्य गुन्हाच होतं, त्याची बाजू घेण्याचा प्रश्नच नाही. पण जी नोंद गुन्हेगाराची निघते तीच नोंद पत्रकाराची निघते, सरकारी गैरव्यवहार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याचीही निघते. हुकूम आणणाऱ्याचा हेतू कोणता, हे साधनाला कळत नाही.

म्हणून साधन निवडताना एकच प्रश्न मी सगळ्यांत वर ठेवतो: उद्या हुकूम आला, तर या सेवेच्या चालकाच्या हातात माझ्याबद्दल काय काय असेल? जाहिरातीत ‘लष्करी दर्जाचं एन्क्रिप्शन’ लिहिलेलं असतं. एन्क्रिप्शन, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येऊ नये असा मजकूर बंदिस्त करणं, आज जवळपास सगळ्यांचंच भक्कम आहे. लोक सापडतात ते नोंदींमुळे.

पाळत ठेवणारा कोण, यावरही बरंच अवलंबून आहे. तुमची इंटरनेट कंपनी आणि तुम्ही बघता त्या वेबसाइट, ही पहिली पायरी. न्यायालयाचा कागद घेऊन येणारे पोलीस ही दुसरी. देशोदेशीच्या केबलींमधून वाहणारी माहिती थेट उपसणारी गुप्तचर यंत्रणा ही तिसरी. एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने जून २०१३ पासून बाहेर आणलेल्या कागदपत्रांमुळे तिचा आवाका जगाला दिसला. आणि चौथी पायरी म्हणजे फक्त तुमच्याच फोनमध्ये शिरण्यासाठी पैसा आणि माणसं खर्च करणारं सरकार. पहिल्या पायरीवर चोख काम देणारं साधन तिसऱ्या पायरीवर कुचकामी ठरू शकतं. चौथ्या पायरीपुढे तर खाली दिलेल्यांपैकी एकही साधन एकटं पुरत नाही.

इनकॉग्निटो खिडकीचा विषय दोन वाक्यांत संपतो. ती तुमच्याच संगणकावरचा इतिहास पुसते, म्हणजे घरातल्या माणसापासून लपवते. इंटरनेट कंपनी, वेबसाइट आणि सरकार यांच्यासाठी ती आहे-नाही सारखीच.

व्हीपीएन: भरवसा एका कंपनीवरून दुसरीवर

व्हीपीएन लावलं की तुमच्या इंटरनेट कंपनीला एवढंच दिसतं, की तुम्ही एका सर्व्हरशी बोलताय. पुढे कुठे जाताय ते दिसत नाही. वेबसाइटला तुमच्या आयपीऐवजी त्या सर्व्हरचा आयपी दिसतो. विमानतळावरच्या वायफायसाठी, एखादी साइट बंद केली असेल तिथे, किंवा इंटरनेट कंपनीने तुमच्या सवयींची यादी बनवू नये म्हणून हे उत्तम आहे.

पण या व्यवहारात तुमचा खरा आयपी आणि तुम्ही गेलेली ठिकाणं, दोन्ही एकाच कंपनीच्या हातात येतात. आधी हे इंटरनेट कंपनीला दिसत होतं, आता व्हीपीएनवाल्याला दिसतं. ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ हे जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. प्युअरव्हीपीएनही तसंच सांगत असे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ऑनलाइन छळाच्या एका खटल्यात एफबीआयच्या प्रतिज्ञापत्रातून कळलं, की आरोपीपर्यंत पोचवणारी जोडणीची माहिती याच कंपनीने दिली होती. उलट प्रायव्हेट इंटरनेट अ‍ॅक्सेसकडे अमेरिकेतल्याच खटल्यांमध्ये नोंदी मागितल्या गेल्या आणि द्यायला काही निघालं नाही. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनचे पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन मुलवाडच्या गोथेनबर्गच्या कार्यालयात गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. मुलवाड खातं उघडताना नाव किंवा ईमेल मागतच नाही, फक्त एक क्रमांक देतं, आणि पाकिटात रोख रक्कम घालून पाठवली तरी घेतं. दोन व्हीपीएनची तुलना करताना वेग, सर्व्हरची संख्या आणि सवलत या गोष्टी मी शेवटी बघतो. न्यायालयाचा कागद आला तेव्हा काय घडलं, ते आधी.

दुसरी बाजू कायद्याची. नोंद न ठेवण्याचा शब्द कंपनीने मनापासून दिला असला, तरी ती ज्या देशात सर्व्हर ठेवते तिथला कायदा तो शब्द मोडायला लावू शकतो. भारतात सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी वगैरे तपशील पाच वर्षं ठेवणं बंधनकारक झालं. त्यावर अनेक परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले. रशियात बंदी घातलेल्या साइट व्हीपीएनने अडवल्याच पाहिजेत, असा कायदा २०१७ पासून आहे. म्हणून कंपनी कुठल्या देशात नोंदलेली आहे आणि तुम्ही निवडलेला सर्व्हर कुठे उभा आहे, हे दोन्ही बघा.

मोफत व्हीपीएनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सशुल्क सेवेची मर्यादित मोफत आवृत्ती असेल तर ठीक. मालक कोण, पैसा कुठून येतो हे कळत नसेल, तर आपल्या इंटरनेट कंपनीपेक्षाही कमी विश्वासार्ह माणसाच्या हाती सगळं सोपवल्यासारखं होतं.

आणि व्हीपीएन चालू असताना तुम्ही आपल्या नेहमीच्या ईमेल खात्यात लॉगिन केलंत, तर आयपी बदलूनही काही साधत नाही, कारण नाव तुम्हीच सांगितलंत. लॉगिन नाही केलं तरी ब्राउझर बोलतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले. फॉन्ट, प्लगइन, पडद्याचा आकार, टाइमझोन असल्या बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी एकत्र केल्यावर त्यांतले ८३.६ टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय निघाले. हा ठसा व्हीपीएन पुसत नाही.

टॉर: कुणा एकालाच सगळं कळू नये म्हणून

टॉर हे इंटरनेटवर निनावी फिरण्यासाठीचं जाळं. त्याची कल्पना अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकाच्या मध्यावर जन्मली. आज ते एक ना-नफा संस्था चालवते आणि त्याचे हजारो रिले, म्हणजे वाहतूक पुढे पाठवणारी यंत्रं, जगभरचे स्वयंसेवक चालवतात. निनावीपणाला गर्दी लागते, हे यामागचं तत्त्व. फक्त हेरच वापरत असतील तर टॉरवर दिसणारा प्रत्येक जण हेर ठरेल. म्हणून ते सगळ्यांना खुलं केलं गेलं.

तुमची मागणी तीन यंत्रांतून जाते. पहिल्याला, म्हणजे गार्डला, तुमचा आयपी कळतो पण तुम्ही कुठे चाललात ते कळत नाही. मधल्याला दोन्ही कळत नाही. शेवटच्याला, म्हणजे एक्झिटला, मुक्काम कळतो पण तुम्ही कोण ते कळत नाही. मधला आणि शेवटचा रिले बदलत राहतात, पण पहिला मात्र टॉर मुद्दाम काही महिने तोच ठेवतं. ऐकताना हे उलटं वाटतं. पण दर वेळी नवा गार्ड निवडला, तर कधी ना कधी पाळत ठेवणाऱ्याने उभा केलेला रिले वाट्याला येणारच, म्हणून एकच धरून राहणं जास्त सुरक्षित. व्हीपीएनशी तुलना करायची तर हाच कळीचा फरक आहे. व्हीपीएनमध्ये एका हुकुमात सगळं हाती लागतं. टॉरमध्ये तीन वेगळ्या माणसांना, बहुधा तीन वेगळ्या देशांत गाठावं लागतं, आणि तिघांकडेही नोंदी नसण्याचीच शक्यता जास्त.

एनएसएच्या एका अंतर्गत सादरीकरणात टॉरबद्दलचा वैताग स्पष्ट दिसतो. ते २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालं. सगळ्या टॉर वापरकर्त्यांना सगळ्या वेळी उघडं पाडणं आपल्याला कधीच जमणार नाही, थोड्यांना मात्र हाताने विश्लेषण करून शोधता येईल, असा त्याचा आशय होता. हे वाचून टॉरवाल्यांना हायसं वाटलं, आणि ते रास्तही होतं. पण ‘थोड्यांना’ हा शब्द मी विसरत नाही. सरकार ज्याच्या मागे हात धुऊन लागलं आहे, तो त्या थोड्यांतलाच एक असतो.

टॉरच्या मर्यादा टॉरच्या रचनाकारांनी २००४ च्या मूळ शोधनिबंधातच लिहून ठेवल्या आहेत. जो कुणी सुरुवात आणि शेवट ही दोन्ही टोकं एकाच वेळी बघू शकतो, त्याच्यापुढे टॉर टिकत नाही. कारण मजकूर वाचण्याची त्याला गरजच पडत नाही. या टोकाला रात्री अमुक सेकंदाला एवढे बाइट निघाले, त्या टोकाला क्षणभराने तेवढेच पोचले, एवढ्यावर तो जोडी लावतो.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते जेरेमी हॅमंड या हॅकरच्या प्रकरणात दिसतं. २०१२ मध्ये शिकागोत त्याला अटक झाली. त्याआधी एफबीआयचे लोक त्याच्या घरावर नजर ठेवून होते. न्यायालयाच्या परवानगीने घरातल्या वायफायचे संकेतही टिपत होते. मजकूर वाचता येत नव्हता, पण टॉरशी जोडणी चालू आहे एवढं दिसत होतं. दुसरीकडे त्याच्याच गटातला एक जण आधीच पोलिसांना मिळालेला होता. अमुक टोपणनावाचा माणूस आता चॅटवर आला, आता गेला, हे तो सांगत होता. माणूस घरात शिरला, टॉर सुरू झालं, टोपणनाव चॅटवर आलं. माणूस बाहेर पडला, टोपणनाव गायब. टॉरची एकही कडी न तोडता ओळख पटली.

हार्वर्डचं प्रकरण याहून साधं आहे. १६ डिसेंबर २०१३ ला परीक्षेच्या सकाळी बॉम्बच्या खोट्या धमक्यांचे ईमेल आले. पाठवणाऱ्याने टॉर आणि तात्पुरता ईमेल पत्ता, दोन्ही वापरलं होतं. ईमेल टॉरमधून आला हे त्याच्या शीर्षनोंदीतून कळलं. मग त्याआधीच्या काही तासांत विद्यापीठाच्या वायफायवरून टॉरला कोण जोडलं गेलं होतं, एवढंच बघायचं राहिलं. विद्यार्थ्याने चौकशीत कबुली दिली. टॉर वापरल्याचं लपत नाही, लपतं ते टॉरमधून कुठे गेलात हे. आणि आसपास टॉर वापरणारे मोजकेच असतील, तर टॉर तुम्हाला झाकण्याऐवजी वेगळं काढून दाखवतं.

रिले स्वयंसेवकांचे असल्यामुळे ते पाळत ठेवणाराही चालवू शकतो. २०१४ मध्ये जानेवारीच्या अखेरपासून जुलैपर्यंत सुमारे ११५ रिलेंच्या एका गटाने टॉरमधल्या त्रुटीचा फायदा घेत छुप्या सेवा, म्हणजे फक्त टॉरमधूनच उघडणाऱ्या साइट, वापरणाऱ्यांचा माग काढला. त्यामागे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संस्थेतलं संशोधन होतं आणि पोलिसांनी ती माहिती समन्स पाठवून मिळवली, हे २०१६ मध्ये एका खटल्यात उघड झालं. ती त्रुटी बुजवली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मन पत्रकारांनी दाखवून दिलं, की तिथल्या पोलिसांनी वेळांची जुळवाजुळव करून एका टॉर वापरकर्त्याचा गार्ड शोधला आणि त्या गार्डशी कोणते ग्राहक जोडले जातात हे दूरसंचार कंपनीकडून काढून घेतलं. तो माणूस एक जुनं, सुधारणा न झालेलं चॅटचं सॉफ्टवेअर वापरत होता. अद्ययावत आवृत्ती वापरणं टॉरच्या बाबतीत किती मोलाचं आहे, ते यावरून कळावं.

एक्झिटचा धोका वेगळा. शेवटच्या रिलेपासून पुढचा प्रवास वेबसाइटच्या एन्क्रिप्शनवर असतो. २००७ मध्ये स्वीडनच्या डॅन एगरस्टाडने काही एक्झिट चालवून नुसतं ऐकत राहून वेगवेगळ्या दूतावासांच्या ईमेल खात्यांचे पासवर्ड मिळवले होते. आज बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीवर, आल्यामुळे हे कठीण झालंय. टॉर ब्राउझर ‘फक्त एचटीटीपीएस’ या सवयीनेच चालतो. ती बदलू नका.

वेग कमी, बँका आणि अनेक साइट टॉरला दारातच अडवतात, सारखे ‘तुम्ही यंत्रमानव नाही ना’ असे प्रश्न. रोजच्या सगळ्या कामांसाठी टॉर वापरण्याचा आग्रह मी धरणार नाही. पण एखाद्या नाजूक विषयावर शोध घ्यायचा आहे, वाचायचं आहे, आणि ते वाचलं ही गोष्ट आपल्या नावावर चिकटायला नको असेल, तर टॉर ब्राउझरच्या जवळपास येणारं दुसरं काही नाही. ठशाच्या बाबतीतही तो वेगळा विचार करतो. त्याचा प्रत्येक वापरकर्ता शक्य तितका दुसऱ्यासारखा दिसावा, अशी त्याची बांधणी आहे. म्हणूनच त्यात आवडीची एक्स्टेन्शन टाकून त्याला सजवू नये. त्याच्या सुरक्षा-पातळीचं बटण मात्र जरूर वापरावं. एनएसएने आणि पुढे एफबीआयने टॉर वापरणाऱ्यांना गाठलं, ते अनेकदा टॉर फोडून नव्हे तर ब्राउझरमधल्या त्रुटीतून. २०१३ मध्ये टॉरवरच्या साइट ठेवणाऱ्या फ्रीडम होस्टिंगच्या प्रकरणात जावास्क्रिप्टमधून, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये चालवलेल्या कोडमधून, घुसून लोकांचे खरे आयपी काढले गेले होते. सर्वांत कडक पातळीवर जावास्क्रिप्ट बंद होतं, त्यामुळे असला बराचसा धोका टळतो.

टॉरवरच बंदी असलेल्या देशात ब्रिज लागतात. ते टॉरची वाहतूक दुसऱ्याच कशासारखी तरी दाखवतात. चीनमध्ये कित्येक वर्षांपासून आणि रशियात डिसेंबर २०२१ पासून टॉरची वाट अडवलेली आहे. स्नोफ्लेक नावाच्या ब्रिजचा वापर इराणमध्ये २०२२ च्या आंदोलनांच्या काळात झपाट्याने वाढला. ब्रिजमुळे टॉर वापरल्याचं बऱ्यापैकी झाकलं जातं, पण खात्रीने नाही.

व्हीपीएन लावून त्यावर टॉर चालवावं का, हा प्रश्न फार विचारला जातो. इंटरनेट कंपनीपासून टॉरचा वापर लपवायचा असेल आणि व्हीपीएनवाल्यावर तिच्यापेक्षा जास्त भरवसा असेल, तर चालेल. त्याने निनावीपणा दुप्पट होत नाही. टॉरमधून बाहेर पडल्यावर व्हीपीएनमध्ये शिरणं मात्र टाळा. त्यात तुमचा सगळा प्रवास पुन्हा एका खात्यावर जमा होतो.

टेल्स: संगणकाने काही आठवू नये म्हणून

टॉर ब्राउझर फक्त ब्राउझरला झाकतो. त्याच संगणकावरचं दुसरं सॉफ्टवेअर मागच्या दाराने सरळ इंटरनेटवर बोलत असतं, फायली डिस्कवर उरतात. टेल्स ही पेनड्राइव्हवरून चालणारी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिच्यातली सगळी वाहतूक टॉरमधूनच जाते, आणि संगणक बंद केला की मागे काही राहत नाही. स्नोडेनने आणि त्याच्या पत्रकारांनी ती वापरली. २०२४ मध्ये टेल्स आणि टॉर या दोन संस्था एकत्र झाल्या.

नुसत्या टॉर ब्राउझरपेक्षा टेल्स कधी निवडावं? संगणक जप्त होण्याची भीती असेल तेव्हा, आणि आपली नेहमीची ओळख व लपवायचं काम यांची एकाच यंत्रावर सरमिसळ होईल असं वाटत असेल तेव्हा. ही सरमिसळच बहुतेकांना भोवते, त्यामुळे दुसरं कारण मला पहिल्याहून मोठं वाटतं. टेल्सलाही मर्यादा आहेत. २०२० मध्ये उघड झालं, की एका अत्यंत घृणास्पद गुन्हेगाराला पकडण्यासाठी टेल्सच्या व्हिडिओ प्लेअरमधली त्रुटी वापरण्यात आली होती आणि ते हत्यार बनवून घेण्याचा खर्च फेसबुकने केला होता. ज्याला व्हिडिओ उघडायला लावता येतं, त्याला उघडं पाडता येतं.

बोलण्यासाठी: सिग्नल, व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम

इथे तुलना सोपी आहे, कारण ती एफबीआयनेच करून ठेवली आहे. जानेवारी २०२१ चा त्यांचा एक अंतर्गत कागद नंतर बाहेर आला. कोणत्या अ‍ॅपकडून कायदेशीर मार्गाने काय मिळतं, ते त्यात ओळीने मांडलं आहे. सिग्नलकडून मिळतं ते २०१६ सारखंच: नोंदणीची वेळ आणि शेवटच्या जोडणीची वेळ. व्हॉट्सअ‍ॅपकडून मजकूर नाही, पण वॉरंट असेल तर संपर्कयादी, आणि वेगळा आदेश असेल तर कोण कुणाला संदेश पाठवतंय ही माहिती दर पंधरा मिनिटांनी. टेलिग्रामकडून त्या वेळी फारच थोडं मिळत असे.

व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर सिग्नलच्याच पद्धतीने बंदिस्त आहे, २०१६ पासून. पण कोण कुणाशी, कधी, किती वेळा बोललं, हे पाकिटावरच्या पत्त्यासारखं बाहेर राहतं. सरकारला बहुतेक वेळा पत्र नकोच असतं, पत्ता पुरतो. रात्री साडेअकराला एका अधिकाऱ्याने एका पत्रकाराला दहा संदेश पाठवले आणि आठवड्याने बातमी छापून आली, एवढं कळल्यावर त्या संदेशांत काय होतं हे विचारायची गरज राहते का? शिवाय क्लाउडवरचा बॅकअप. त्याला एन्क्रिप्शन लावण्याची सोय २०२१ पासून आहे, पण ती आपणहून चालू करावी लागते. समोरच्याने केली नसेल, तर तुमचंही बोलणं त्याच्या बॅकअपमध्ये उघडं पडलेलं असतं.

टेलिग्रामला गुप्ततेचं साधन समजणं ही फार पसरलेली चूक आहे. तिथलं नेहमीचं चॅट आणि सगळे ग्रुप टोकापासून टोकापर्यंत एन्क्रिप्ट नसतात, म्हणजे फक्त बोलणाऱ्यांनाच वाचता येतील असे नसतात, कंपनीच्या सर्व्हरवर असतात. फक्त ‘सीक्रेट चॅट’ तसं असतं आणि ते दर वेळी मुद्दाम सुरू करावं लागतं. ऑगस्ट २०२४ मध्ये टेलिग्रामचा संस्थापक पावेल दुरोव्हला पॅरिसजवळ अटक झाली. पुढच्याच महिन्यात कंपनीने जाहीर केलं, की वैध कायदेशीर मागणी आली तर नियम मोडणाऱ्यांचे आयपी आणि फोन नंबर देऊ. चालकाच्या हाती माहिती असेल, तर आज तो देत नाही हा त्याचा निर्णय असतो, आणि निर्णय बदलतात. सिग्नलवर जास्त विश्वास ठेवण्याचं माझं कारण हेच.

सिग्नलची कमतरता फोन नंबर. फेब्रुवारी २०२४ पासून वापरकर्तानाव घेऊन नंबर इतरांपासून लपवता येतो, पण नोंदणीला तो अजून लागतोच. ‘या नंबराचं सिग्नल खातं आहे का’ याचं उत्तर सरकारला मिळू शकतं. म्हणजे सिग्नल बोलणं झाकतं, तुम्ही कोण हे झाकत नाही. दोन्हींत गल्लत करू नका. आणि सेटिंगमध्ये जाऊन जोडलेल्या उपकरणांची यादी अधूनमधून बघा. रशियाशी संबंधित हॅकर लोकांना फसवा क्यूआर कोड स्कॅन करायला लावून त्यांच्या सिग्नलला आपलं उपकरण जोडतात, असं गुगलच्या सुरक्षा पथकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं.

ईमेलचं थोडक्यात. प्रोटॉनमेल मजकूर बंदिस्त ठेवतं, पण २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून त्यांना फ्रान्समधल्या एका हवामान कार्यकर्त्याचा आयपी नोंदवून द्यावा लागला. त्याने ते खातं टॉरमधूनच उघडलं असतं तर देण्याजोगा आयपी उरला नसता. साधनं एकमेकांच्या जोडीला वापरायची ती अशी.

या सगळ्यांच्या बाहेरचं

तुमच्या खिशातला फोन दर क्षणी जवळच्या टॉवरला आपली ओळख सांगतो. त्यावर व्हीपीएन असो की टॉर, टॉवरला फरक पडत नाही. २०१३ मधल्या एका संशोधनात १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदी पाहिल्या. त्यांत नावं नव्हती. तरी जागा आणि वेळ यांचे फक्त चार बिंदू माहीत असले, की ९५ टक्के लोक वेगळे ओळखता येत होते. नवं सिमकार्ड नेहमीच्या फोनमध्ये घातलं तर फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा क्रमांक, जुनाच राहतो. नव्या फोनमध्ये घालून तो जुन्या फोनसोबत बाळगला, तर दोन्ही फोन एकत्र हिंडताना दिसतात.

सरकारांना विकल्या जाणाऱ्या पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने तर एन्क्रिप्शनचा प्रश्नच बाजूला टाकला. फोनमध्ये शिरून, संदेश पडद्यावर उघडल्यावर वाचायचा. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपमधल्या त्रुटीतून सुमारे १,४०० जणांना लक्ष्य केलं गेलं. त्या हल्ल्यात आणि नंतरच्या अनेक हल्ल्यांत वापरकर्त्याला कशावर टिचकीही मारावी लागत नव्हती. यावर पूर्ण इलाज नाही. अपडेट लगेच घेणं आणि आयफोन असेल तर २०२२ मध्ये आलेला लॉकडाउन मोड चालू करणं, याने हल्लेखोराचं काम बरंच महाग होतं.

काही वेळा साधनच सरकारचं निघतं. क्रिप्टो एजी ही स्विस कंपनी शंभराहून जास्त देशांना संदेश गुप्त करण्याची यंत्रं विकत होती. १९७० पासून ती सीआयए आणि पश्चिम जर्मनीच्या गुप्तचर संस्थेच्या मालकीची होती, हे २०२० मध्ये उघड झालं. अ‍ॅनॉम नावाचे ‘सुरक्षित’ फोन तर एफबीआयच चालवत होतं. जून २०२१ मध्ये ते जाहीर झालं तेव्हा ८०० हून जास्त जणांना अटक झाली होती. म्हणून ज्याचा कोड उघडा नाही, ज्याची बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासणी केलेली नाही, असं ‘खास गुप्त’ साधन कितीही महाग असलं तरी मी नाकारतो.

राहिला माणूस स्वतः. सिल्क रोड हा ड्रग्जचा ऑनलाइन बाजार टॉरच्या आड चालत होता. पण तो चालवणारा रॉस उलब्रिक्ट सापडला तो त्याने अगदी सुरुवातीला एका फोरमवर टोपणनावाने टाकलेल्या जाहिरातीमुळे. त्याच टोपणनावाने नंतर मदत मागताना त्याने स्वतःचा जीमेल पत्ता लिहिला होता. रिअ‍ॅलिटी विनर एनएसएच्या कंत्राटदाराकडे कामाला होती. तिने २०१७ मध्ये एनएसएचा अहवाल छापून पोस्टाने पत्रकारांना पाठवला. तो अहवाल कुणी कुणी छापला होता याची कार्यालयात नोंद होती: सहा जण. जिथे उमेदवार सहाच, तिथे इंटरनेटवर कितीही काळजी घेऊन काय उपयोग?

मग कुणी काय घ्यावं

इंटरनेट कंपनीने आणि जाहिरातवाल्यांनी मागे लागू नये एवढंच हवं असेल, तर न्यायालयात पारखलं गेलेलं व्हीपीएन, ट्रॅकर अडवणारा ब्राउझर आणि बोलायला सिग्नल. यापुढे जाण्याची गरज नाही. याला निनावीपणा मात्र समजू नका.

आंदोलनात किंवा संघटनेत काम करत असाल, तर सिग्नल, त्यात संदेश आपोआप नाहीसे होण्याची मुदत सगळ्यांनी लावलेली, फोन बोटाच्या ठशाऐवजी लांब पासकोडने उघडणारा. सभेला जाताना फोन घरीच, आणि एकट्याने नव्हे, सगळ्यांनी. माहिती शोधण्यासाठी टॉर ब्राउझर. खर्च जवळपास शून्य, अडचण थोडी, फायदा पुष्कळ.

पत्रकार असाल, तर यात टेल्सची भर घाला आणि स्रोताशी पहिलाच संपर्क कसा होणार याचा आधी विचार करा. तुमच्या नेहमीच्या नंबरावर त्याचा पहिला फोन आला की पुढची सगळी काळजी उशिराची ठरते.

आणि आतली कागदपत्रं बाहेर द्यायची असतील, म्हणजे ओळख पटल्यावर नोकरी, तुरुंग किंवा जीव यांपैकी काही पणाला लागणार असेल, तर यांत कुठलंच एक साधन निवडू नका. आधी मोजा, की हा कागद किती जणांच्या हाताखालून गेला आहे. थोड्याच जणांच्या असेल, तर तो न देता त्यातली गोष्ट सांगता येते का बघा. कार्यालयाचा संगणक, कार्यालयाचं वायफाय, कार्यालयाचा प्रिंटर यांना हात लावू नका, आणि टॉरबद्दलचा शोधही तिथून घेऊ नका. अनेक मोठ्या वृत्तसंस्था सिक्युअरड्रॉप, म्हणजे निनावीपणे कागदपत्रं पोचवण्याचा मार्ग, चालवतात. तो टॉरमधूनच उघडतो, आणि त्याला तुमचं नाव, नंबर, ईमेल काहीच लागत नाही. तो टेल्सवरून, तुमच्याशी संबंध नसलेल्या जाळ्यावरून, फोन घरी चालू ठेवून उघडा. पोचल्यावर मिळणारा सांकेतिक शब्दांचा संच कागदावर न लिहिता पाठ करा. पत्रकाराचं उत्तर तिथेच येतं. ते बघायला पुन्हा जाताना जागा आणि वेळ दोन्ही बदला.